वळसा घालून भरणारी शाळा

मंगळवारी सकाळी लोहाऱ्याची पहिली गाडी स्टँडवर लागली तेव्हा मी फलाटाच्या खांबाला टेकून उभा होतो. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊनही सवय जात नाही, गाडी किती उशिरा आली हे घड्याळात बघितल्याशिवाय मला चहा जात नाही. त्यात मंगळवार म्हणजे माझी थोरली बहीण यायचा दिवस. प्रवासी उतरले, भाजीच्या पाट्या उतरल्या आणि शेवटी कंडक्टर उतरला. तो म्हणाला, "साहेब, आज बाई न्हाईत आल्या. लोहाऱ्यात दोनदा हॉर्न मारला, जरा थांबलो बी." मला आधी रागच आला. या बाईनं आयुष्यात कधी गाडी चुकवली नव्हती, आणि यायचं नसेल तर एक फोन करायला काय झालं होतं... मी खिशातून फोन काढला, तेवढ्यात तोच वाजला. तिची शेजारीण बोलत होती. आक्का पहाटे झोपेतच गेली होती. मी फोन ठेवला. मग त्याच गाडीनं लोहाऱ्याला गेलो.

याला आता महिना उलटून गेला. आक्कावर काहीतरी लिहा, असं दोघातिघांनी सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, मला वेळापत्रक लिहिता येतं, लेख नाही. पण तिनं निवृत्तीनंतर जे केलं ते फार लोकांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांतल्या निम्म्यांना ते पटलेलं नव्हतं, आणि सुरुवातीला त्यात मीही होतो. आक्का म्हणजे सुमनताई. लोहाऱ्याच्या हायस्कुलात तिनं गणित शिकवलं. दाजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडं चार दिवस राहायला आली होती. मी राहतो त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जिल्ह्यातलंच आहे. स्टँडवरून माझ्या घराकडं येताना वाटेत एक उंच भिंत लागते. भिंतीच्या आतून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला, तशी आक्का थांबली.

"हितं शाळा कोण घेतं रं, दत्ता?"

"शाळा कुठली? रिमांड होम हाय ते."

"आत पोरं हायत न्हवं?"

"हायत की."

"मग?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन अधीक्षकांना भेटून आली. त्यांच्याकडं शिक्षकाची जागा रिकामीच होती, त्यामुळं फुकट येणाऱ्या गणिताच्या बाईंना नको म्हणायचं त्यांना काही कारण नव्हतं. तेव्हापासून मंगळवार ते गुरुवार तिचा मुक्काम माझ्याकडं आणि दिवसभर ती त्या भिंतीच्या आत. आमचे पाहुणे म्हणायचे, एवढी नोकरी केली, आता चारधाम करावं, तर ही गुन्हेगार पोरांत जाऊन बसतीय. आक्का ऐकून घ्यायची आणि लसूण सोलत राहायची.

तिला हे का सुचलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. आमचं मूळ गाव माकणीच्या बाजूचं. आक्का सातवी झाली तेव्हा पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, म्हणून आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला घरी बसवलं. दोन वर्षं तिनं शेण काढलं, माझं नाक पुसलं, आणि संध्याकाळी शाळेतून येणाऱ्या पोरांना दारात उभं राहून "आज काय शिकवलं?" विचारलं. पुढं मामानं मध्ये पडून तिला शाळेत घातलं तेव्हा ती वर्गात सगळ्यांपेक्षा उंच होती. लहान पोरी तिला 'मावशी' म्हणायच्या. ती घरी येऊन रडायची हे मला आठवतं, मी पाच-सहा वर्षांचा असेन. म्हातारपणी एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, "शाळा सुटताना एवढं वाटत न्हाय रं. परत जाताना लई जिवावर येतं."

रिमांड होममध्ये पोरं झोपायची तो हॉल आणि शिकायची ती जागा एकच. सकाळी सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात सारायच्या आणि तिथंच पुस्तक उघडायचं. पहिल्याच आठवड्यात आक्काच्या ध्यानात आलं की पोरं अंथरुणातून उठल्यासारखीच वर्गात बसतात. म्हणून तिनं एक नियम काढला. तिनं जुन्या पँटींच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकाला एक दप्तर. वर्गाची वेळ झाली की पोरांनी दप्तर खांद्याला लावून मागच्या दारानं बाहेर पडायचं. पाण्याच्या टाकीला आणि लिंबाला वळसा घालायचा, पुढच्या दाराशी ओळीनं चपला काढायच्या आणि मग वर्गात यायचं. शाळा सुटली की त्याच वाटेनं परत. तिथले काळजीवाहक जाधव हसायचे. "बाई, हितल्या हितंच गोल फिरवून काय मिळतंय तुम्हाला?" आक्का म्हणायची, "शाळेला निघावं लागतं, जाधव. बसल्या जागी शाळा होत न्हाय." पोरंही आधी टिंगल करायची. पण थोड्याच दिवसांत टाकीजवळ आल्यावर केस सारखे करायला लागली.

शिकवणं सोपं नव्हतं. कुणी चौथीत शाळा सोडलेला, कुणी नववीत. कुणी पंधरा दिवसांत जामिनावर जायचा, कुणी महिनोन् महिने तिथंच. आक्का प्रत्येकाला म्हणायची, जिथं सोडलं तिथून धर. एक जण म्हणाला, "कुठं सोडलं त्ये आठवत न्हाय बाई." "मग आधी त्ये हुडकू," ती म्हणाली आणि त्याला थेट बेरजेपासून घेतलं. कुणी काय केलंय हे ती विचारायची नाही. मात्र कुणी स्वतःहून सांगायला लागला तर ऐकून घ्यायची, आणि खोटं वाटलं तर तोंडावर सांगायची.

त्यांतला एक पोरगा. त्याला मी इथं सुभाष म्हणतो, खरं नाव छापायला कायद्याची बंदी आहे आणि आक्कानंही ते छापू दिलं नसतं. घरची मेंढरं, आईबाप वर्षातले आठ महिने कळपामागं. कुणाच्या तरी ज्वारीत मेंढरं शिरली, भांडण झालं, सुभाषनं काठी घातली आणि समोरच्या माणसाचा एक डोळा कायमचा गेला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. नववीपर्यंत शिकलेला, डोकं तल्लख, बोलणं जेमतेम. आक्कानं ठरवलं की याला बाहेरून दहावीला बसवायचं. तोवर तिथल्या एकाही पोराला बाहेरच्या केंद्रावर परीक्षेला पाठवलेलं नव्हतं. अधीक्षक माणूस चांगला, पण त्यांचीही नोकरी होती. ते म्हणाले, "बाई, मी वरून परवानगी आणतो. पण एक सांगतो, ह्यानं काही घोटाळा केला तर पुढच्या पोरांसाठी मला कुणी परवानगी देणार नाही. ह्याच्यावर सगळं आहे." आक्कानं हे सुभाषला जसंच्या तसं सांगितलं. मी तिला म्हणालो, एवढ्याशा पोराच्या डोक्यावर कशाला हे ओझं? ती म्हणाली, "त्याला खरं सांगणारं आजवर कोण भेटलंय?"

परीक्षेच्या पहिल्या दिवशी, मराठीच्या पेपरला, आम्ही रिक्षानं निघालो. आक्का, सुभाष, साध्या कपड्यातला एक पोलीस आणि मी. पोलिसाला आक्कानं आधीच बजावलं होतं, कुणी विचारलं तर तुम्ही पोराचे मामा. सुभाषला तिनं नवा शर्ट घेतला होता, आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर काय आनंद होता म्हणून सांगू! केंद्रावरच्या इतर पोरांत तो असा मिसळला की आत जाताना मलाही पटकन ओळखू आला नाही. पोलीस आणि मी समोरच्या हॉटेलात चहाला बसलो. आक्का फाटकापाशी थांबली.

पेपर सुटला तेव्हा सगळ्या पोरांच्या मागून सुभाष बाहेर आला. मान खाली. आमच्याकडं न बघता रिक्षात जाऊन बसला. काय झालं ते आतल्या पर्यवेक्षक बाईंकडून कळलं, त्या आक्काच्याच विद्यार्थिनी. पेपर निम्मा झाला असताना भरारी पथक आलं. मोठे साहेब दारात दिसले आणि सगळी पोरं उभी राहिली. सुभाष बाकावरून उठला, भिंतीशी गेला आणि हात गुडघ्यावर ठेवून उकिडवा बसला. रिमांड होममध्ये रोज संध्याकाळी आणि कुणी साहेब आला की मोजणीसाठी पोरं भिंतीकडेला ओळीनं अशीच बसतात, डोकी मोजायला सोपी जातात म्हणून. साहेबांना काही कळलं नाही. ते बिचारे काळजीनं म्हणाले, "काय रे बाळा, चक्कर आली का?" पण मागच्या बाकावरच्या एकाला बरोबर कळलं. तो हळूच बोलला, त्याच्या शेजारचा हसला आणि ते हसू वर्गभर गेलं. सुभाष जागेवर येऊन बसला, पण त्यानंतर त्यानं एक ओळ लिहिली नाही.

रिमांड होममध्ये परत आल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "म्या न्हाय जाणार आता. म्या कुठला हाय त्ये समद्यांला कळलं." पुढच्या पेपरला मध्ये दोन दिवस होते. अधीक्षकांनी कपाळाला हात लावला. मी आक्काला म्हणालो, जाऊ दे, तू तुझ्या परीनं केलंस. ती भिंतीकडं बघत होती. मग म्हणाली, "पोरांला शाळेत बाहेरून आणायचं मला सुचलं, दत्ता. पण ही मोजणी रोज डोळ्यांनी बघत आले आन् कधी तोंड उघडलं न्हाय." तिचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळची मोजणी झाली ती मी स्वतः पाहिली. जाधवांनी शिट्टी मारली, पोरं भिंतीशी बसली, सुभाषही. आक्का उठली, त्याच्या शेजारी गेली, भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली होत उकिडवी बसली. तिचे गुडघे किती वाईट होते ते मला माहीत होतं. डॉक्टरांनी तिला खाली बसायचीच बंदी केली होती, ती देवपूजासुद्धा स्टुलावर बसून करायची. जाधवांची शिट्टी हातातच राहिली. "अवो बाई, हे काय! उठा तुम्ही." "मोजा की," आक्का म्हणाली, "मोजल्याबिगर कसं उठायचं?" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. जाधवांनी कशीबशी मोजणी उरकली, पण आक्काला काही उठता येईना. गुडघे आखडले होते, चेहरा पांढरा पडला होता. मी धावलो, तर तिनं हातानं मला मागं सारलं. सुभाष उठला. त्यानं तिच्या काखेत हात घातला आणि म्हणाला, "उठा बाई... तुमी कामून बसलाव?" बोलता बोलता त्याला रडू फुटलं. आक्काही रडत होती. अधीक्षक ऑफिसच्या दारातून हे सगळं बघत होते. ते पुढं आले आणि जाधवांना म्हणाले, "उद्यापासून उभ्यानं मोजायचं. चुकलं तर पुन्हा मोजा." एवढ्यावर तो विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं मला ट्रंकेतला खाकी ड्रेस काढायला लावला. "मला आता बसत न्हाय गं तो," मी म्हणालो. "श्वास वढून धर," ती म्हणाली. बटणं कशीबशी लावून मी रिमांड होममध्ये गेलो. हॉलच्या दारात उभा राहिलो तर काय, निम्मी पोरं भिंतीकडं पळाली! आक्का ओरडली, "जागेवर! साहेब आले तर काय करायचं? उभं राहायचं. साहेबांनी खूण केली की बसायचं. बसलं की परत लिहायचं." मी बाहेर गेलो, परत आलो, परत बाहेर. सकाळभर मी भरारी पथक झालो होतो. माझं पोट सुटलेलं, वरचं बटण उडालेलं, आणि मी मुद्दाम आवाज चढवून "कॉपी आहे का कुणाकडं?" म्हणत फिरायचो. शेवटी शेवटी पोरं हसायला लागली, पण हसत हसत उभी राहत होती. सुभाषला ते सर्वांत शेवटी जमलं. मला बघितलं की त्याचे गुडघे आपोआप वाकायचे. तो स्वतःवरच चिडायचा. दुपारी मी अचानक, न सांगता दारात आलो, तेव्हा तो उभा राहिला, माझ्याकडं बघितलं, खाली बसला आणि पेन उचललं. आक्का पदरानं चष्मा पुसत बसली.

पुढच्या पेपराला तो गेला. माझ्या चहाचे तीन कप झाले, पोलिसानं दोनदा घड्याळ बघितलं. पेपर सुटल्यावर सुभाष बाहेर आला आणि आक्कासमोर येऊन उभा राहिला.

"आलते," तो म्हणाला. "उभा ऱ्हायलो. मग बसलो. मग ल्हिलं."

निकालात तो मराठीत नापास झाला. निम्मा पेपर कोरा, दुसरं काय होणार? बाकीचे सगळे विषय निघाले, गणितात तर उत्तम. पण निकालाच्या आधीच त्याला घरी सोडलं होतं आणि घर म्हणजे रानात कुठंतरी मेंढरामागं. अधीक्षक म्हणाले, आता तो कशाला येतोय परत? मलाही तसंच वाटलं. आक्कानं मात्र त्याच्या बापाला फोनवरून जुलैतल्या फेरपरीक्षेची तारीख सांगून ठेवली. त्या दिवशी सकाळी मी नोकरीतल्या सवयीनं परंड्याकडून येणाऱ्या गाडीचा उशीर मोजत उभा होतो. दार उघडलं, आधी बाप उतरला, खांद्यावर घोंगडी, आणि त्याच्यामागं सुभाष. आक्कानं शिवलेलं दप्तर त्याच्या खांद्याला होतं. मराठीचा पेपर निघाला. पुढच्या वर्षी अधीक्षकांना परवानगीसाठी फारशा विनवण्या कराव्या लागल्या नाहीत, आणि त्यानंतर दर वर्षी तिथली एक-दोन पोरं तरी दहावीला बसत आली.

आक्काला न्यायची तयारी चालली होती तेव्हा लोहाऱ्यातल्या तिच्या दारात सुभाष येऊन उभा राहिला, आता चांगला तगडा गडी झालेला. मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, हातांना ऑइलचे डाग. खांदा द्यायला तो पुढं आला तसं आमच्या चुलत्यांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "आक्काचा विद्यार्थी." स्मशानापर्यंत त्यानं खांदा बदलून दिला नाही.

आता परवाची गोष्ट. यंदा तिथली तिघं जणं दहावीला बसली आहेत. अधीक्षकांचा फोन आला. पोलीस मिळालाय, गाडीही आहे, पण बाई नाहीत, पोरं कावरीबावरी झालीत. मी म्हणालो, बघतो. म्हणालो खरं, पण सकाळी त्यांच्याआधी जाऊन उभा होतो. पोरं आत गेली. पोलीस म्हणाला, "चला काका, चहा." इतकी वर्षं मी जातच आलो होतो, त्या दिवशी पाय निघेना. फाटकाबाहेर घुटमळत राहिलो. तेवढ्यात शाळेचा शिपाई आतून एक लोखंडी खुर्ची घेऊन आला आणि भिंतीलगत मांडून म्हणाला, "बसा. बाईंसाठी बी दर पेपरला काढीत हुतो."

मला आपलं वाटायचं की आम्ही चहाला गेल्यावर ती कुठंतरी सावलीत बसत असेल. मी विचारलं, "इथं बसायची व्हय ती?"

"न्हाई वो, कवाच न्हाई," शिपाई म्हणाला. "पेपर सुटंस्तवर उभ्याच. बसलं की भिंतीआड जातं माणूस, आतल्या पोराला दिसत न्हाई, म्हणायच्या. म्या आपली खुर्ची काढायचो आन् परत न्यायचो."

ते गुडघे घेऊन! आणि घरी येऊन मला कधी एक शब्द नाही. मी त्याला म्हणालो, घेऊन जा खुर्ची. भिंत माझ्या छातीएवढी होती. पलीकडं वर्गाच्या खिडक्या सरळ दिसत होत्या आणि दुसऱ्या खिडकीशी आमच्यातला एक जण बसला होता. ऊन वाढत गेलं, माझी कंबर धरली. निम्मा वेळ गेला असेल, त्या पोरानं पेपरातून मान वर केली आणि भिंतीकडं बघितलं. मी हात केला नाही, परीक्षेच्या वेळी खाणाखुणा करू नयेत एवढं मला कळतं. नुसता उभा राहिलो. त्यानं मला नीट बघितलं, मान खाली घातली आणि परत लिहायला लागला.